इंग्रजी कवितेतील प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर कॅपिटल : व्याकरणाचा नियम, छपाईची रीत की कवीची निवड?

पैनगंगाकाठ
नमस्कार. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर, पैनगंगेच्या अलीकडच्या एका गावात मी माध्यमिक शाळेत इंग्रजी आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवते. आमच्या शाळेचा वार्षिकांक आजवर हस्तलिखित निघत असे. यंदा गावकऱ्यांच्या वर्गणीतून तो छापायचे ठरले आहे. अंकात मुलांच्या मराठी कविता आहेत, त्यांपैकी काहींची मुलांनीच केलेली इंग्रजी भाषांतरे आहेत आणि आठवी ते दहावीच्या मुलांनी थेट इंग्रजीत लिहिलेल्या थोड्या कविताही आहेत.

इंग्रजी मजकूर एकत्र करताना असे दिसले की काही मुलांनी प्रत्येक ओळीची सुरुवात कॅपिटल अक्षराने केली आहे, काहींनी केवळ वाक्य जेथे सुरू होते तेथेच कॅपिटल वापरले आहे, तर नववीतल्या एका मुलीने संपूर्ण कवितेत एकही कॅपिटल ठेवलेले नाही, अगदी 'मी' या अर्थाचा 'आय'सुद्धा तिने लहानच लिहिला आहे. एका स्पर्धेत वाक्यानुसार कॅपिटल देणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीच्या कवितेवर परीक्षकांनी तांबड्या शाईने खुणा केल्या, 'व्याकरणाच्या चुका' असा शेरा दिला आणि गुण कमी केले. हा शेरा मला मान्य नाही. ओळीच्या सुरुवातीचे कॅपिटल हा इंग्रजी व्याकरणाचा भाग नसून पद्य लिहिण्याची आणि छापण्याची एक जुनी रीत आहे, असे माझे मत आहे, आणि रीत मोडणाऱ्या मुलाला चूक केली असे सांगणे मला अन्यायाचे वाटते.

मात्र माझी अडचण एवढ्यावर संपत नाही. वर्गात कविता मोठ्याने वाचायला सांगितली की मुले प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज खाली आणून थांबतात, कारण कॅपिटल अक्षर म्हणजे नवे वाक्य, हे आम्हीच त्यांना पाचवी-सहावीत घोकून घेतलेले असते. पुढच्या ओळीत वाहत जाणारे वाक्य त्यामुळे मध्येच तुटते आणि अर्थ हरवतो. आपल्या लिपीत लहान-मोठे अक्षर हा भेदच नाही, तेव्हा आपल्या मुलांना ही रीत कशी समजावून द्यावी, आणि अंकात सर्व कवितांना एकच पद्धत लावावी की ज्याची त्याची ठेवावी, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना_फळा
बाई, तुमचे मत बरोबर आहे. मी बुलडाणा जिल्ह्यात आयुष्यभर इंग्रजी शिकवले आणि निवृत्तीनंतर मेहकरजवळ राहतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

इंग्रजी कविता प्रारंभापासून अशी लिहिली जात नव्हती. जुन्या इंग्रजीतील बेओवुल्फ हे वीरकाव्य ज्या एकमेव हस्तलिखितात टिकले, ते इसवी सन १००० च्या आसपासचे आहे, आणि त्यात कविता गद्यासारखी सलग, पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लिहिलेली आहे. ओळ कोठे संपते हे वाचणाऱ्याला अनुप्रासाच्या आघातांवरून कळत असे. लॅटिन पद्याच्या हस्तलिखितांत मात्र प्रत्येक चरण स्वतंत्र ओळीवर मांडून त्याचे पहिले अक्षर थोडे बाहेर, स्वतःच्या अरुंद रकान्यात ठेवण्याची पद्धत होती. पुढे इंग्रजी हस्तलिखितांतही चरणारंभीचे अक्षर मोठे काढून कधी त्याला तांबड्या रंगाचा स्पर्श देऊ लागले. छपाई आली तेव्हा ही पद्धत तयारच होती. व्हेनिसच्या आल्डस मानुशियस याने १५०१ मध्ये व्हर्जिलची छोट्या आकाराची आवृत्ती तिरप्या टायपात काढली, तिच्यात प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर सरळ उभे कॅपिटल आहे आणि त्याच्या व पुढच्या अक्षराच्या मध्ये मुद्दाम मोकळी जागा सोडलेली आहे. पान उघडताच डाव्या बाजूला कॅपिटल अक्षरांचा एक उभा स्तंभ दिसतो. त्या स्तंभाचा वाक्याच्या आरंभाशी काहीही संबंध नाही.

नाटकांच्या छपाईत तर या रीतीचा प्रत्यक्ष उपयोग होता. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा संग्रह पाहिला, तर पात्र पद्यात बोलत असताना प्रत्येक ओळ कॅपिटलने सुरू होते आणि तेच पात्र गद्यात बोलू लागले की ओळीच्या सुरुवातीला येणारे शब्द लहान अक्षरांत राहतात. नटाला किंवा वाचकाला छंद मोजावा लागत नाही. डावी कड पाहूनच पद्य की गद्य हे बहुधा कळते.

आता व्याकरणाचा नियम म्हणणाऱ्या परीक्षकांसाठी एकच वर्ष पुरेसे आहे. १९२३ मध्ये अमेरिकेत दोन कविता प्रसिद्ध झाल्या आणि दोन्ही आज शाळा-महाविद्यालयांत शिकवल्या जातात. बर्फ पडत असताना रानाजवळ थांबलेल्या प्रवाशाची रॉबर्ट फ्रॉस्ट यांची कविता प्रत्येक ओळ कॅपिटलने सुरू करते. पावसात भिजलेल्या तांबड्या ढकलगाडीवरची विल्यम कार्लोस विल्यम्स यांची कविता ओळीच्या आरंभी एकही कॅपिटल वापरत नाही, पहिल्या शब्दालाही नाही. यांपैकी एका कवीला इंग्रजी व्याकरण येत नव्हते, असे कोणी म्हणणार आहे काय?

शेतशिवार
सरांचा इतिहास मान्य आहे, तरी एक शिक्षक म्हणून वेगळी बाजू मांडतो. मी वाशीम जिल्ह्यातील एका शाळेत आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या घरी इंग्रजी शब्द कानावर पडत नाही. त्यांना आधी नियम हवा, सूट नंतर. शेताला धुरा असतो म्हणून आपले शेत कोठे संपते ते लहान मुलालाही कळते, तसे ओळीच्या आरंभी कॅपिटल असले की कवितेची ओळ कोणती हे मुलाला ओळखता येते. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेचे रसग्रहण असते, यमकांची रचना ओळखायची असते. ओळच ओळखता आली नाही तर यमक कोणत्या शब्दाचे पाहणार? म्हणून शाळेत प्रत्येक ओळ कॅपिटलने लिहायला शिकवावे आणि महाविद्यालयात गेल्यावर त्यांनी हवे तसे लिहावे, असे माझे मत आहे.

जुना_फळा
शेतशिवार भाऊ, धुऱ्याचे तुमचे उदाहरण मला मान्य आहे आणि ते माझ्याच बाजूने जाते. तुम्ही स्वतःच सांगितलेत की कॅपिटल ओळ ओळखण्यासाठी आहे. मग मुलाला तेच सांगावे : वाक्य कोठे संपले ते विरामचिन्ह सांगते आणि ओळ कोठे सुरू झाली ते कॅपिटल सांगते. हे एक वाक्य फळ्यावर लिहून ठेवले, तर बाईंच्या वर्गातील मुले ओळीच्या शेवटी उगाच थांबणार नाहीत. छापील कविता उतरवताना ती छापली आहे तशीच उतरवावी, यात दुमत नाही. परंतु मुलाने स्वतः रचलेल्या कवितेत ही खूण वापरली नाही म्हणून गुण कापणे ही वेगळी गोष्ट आहे.

मुद्रणगल्ली
मॅडम, मी कवी नाही आणि शिक्षकही नाही. तालुक्याच्या गावी डीटीपीचे दुकान चालवतो. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, भागवत सप्ताहाची कार्यक्रमपत्रिका आणि वर्षातून काही कवितासंग्रह माझ्या हातून जातात. ओळीच्या पहिल्या अक्षराचा हा प्रश्न मराठी कवितेलाही कसा नडतो, ते सांगतो, कारण तुमचा अंक जुळवताना त्याचा उपयोग होईल.

आमच्याकडे अजूनही पुष्कळ काम कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये चालते. हे फॉन्ट युनिकोड नाहीत. संगणकाच्या दृष्टीने तो इंग्रजी मजकूरच असतो, केवळ इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दिसतात. त्यात लहान 'ई'ची कळ दाबली की पूर्ण 'म' उमटतो आणि शिफ्टसह दाबली की काना नसलेला अर्धा 'म्' उमटतो. 'यू'च्या कळेवर त्याचप्रमाणे 'न' आणि 'न्' आहेत. आता वर्डमध्ये वाक्याचे पहिले अक्षर आपोआप कॅपिटल करण्याची सोय चालू असते. गद्यात ती परिच्छेदाच्या आरंभी किंवा टिंबानंतरच त्रास देते. कवितेत मात्र आपण प्रत्येक ओळीनंतर एंटर दाबतो, संगणक प्रत्येक ओळ नवा परिच्छेद समजतो आणि प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर मुकाट्याने बदलतो. 'माय' या शब्दाने ओळ सुरू होत असेल, तर पूर्ण 'म'चा अर्धा 'म्' होतो, पुढचा काना त्याला जाऊन चिकटतो आणि कागदावर 'मय' उमटते. 'नाव'चे 'नव' होते. शब्द अगदीच मोडला तर डोळ्यांना खटकतो. परंतु 'नव' हाही शब्दच असल्यामुळे मुद्रितशोधकाच्या नजरेतून तो सुटतो आणि कवीच्या माथी भलताच शब्द बसतो. म्हणून कविता जुळवायला घेण्यापूर्वी ऑटोकरेक्टमधील ही खूण काढून टाकणे हे आमच्या धंद्यात पहिले काम असते. युनिकोडमध्ये टंकलेल्या मराठीला हा त्रास नाही. तुमचा मजकूर ज्यांच्याकडे देणार आहात त्यांना कोणत्या फॉन्टमध्ये काम करणार ते अवश्य विचारा, आणि इंग्रजी कवितांसाठीही ही सोय बंद करायला सांगा, नाही तर मुलांनी लहान ठेवलेले प्रत्येक अक्षर संगणक परस्पर मोठे करून टाकील.

पैनगंगाकाठ
मुद्रणगल्ली भाऊ, ही माहिती फार मोलाची आहे. मुलांनी शाळेच्या संगणकावर टंकलेल्या प्रतीतील कॅपिटल अक्षरे त्यांची स्वतःची की संगणकाची, हे आता वहीतील मूळ हस्ताक्षराशी ताडून पाहिले पाहिजे. परीक्षकांकडे गेलेल्या कविता हस्तलिखितच होत्या, तेव्हा तेथे हा प्रश्न नव्हता.

रिद्धपूर_वाट
या चर्चेत आपल्याकडच्या परंपरेची बाजू यायला हवी. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर ही महानुभावांची भूमी; लीळाचरित्र आणि महदंबेचे धवळे या आरंभीच्या मराठी साहित्याशी या गावाचे नाव जोडलेले आहे आणि आता तेथे मराठी भाषा विद्यापीठही आहे. जुन्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना ठाऊक असेल की पोथीत पद्यसुद्धा सलग लिहिलेले असते. ओवी संपली की दोन उभे दंड, ओवीचा क्रमांक, पुन्हा दोन दंड, आणि त्याला लागूनच पुढची ओवी. क्रमांक व दंड पुष्कळदा तांबड्या शाईने लिहिलेले असतात. म्हणजे जेथे इंग्रजी लेखनाने ओळीच्या आरंभावर खूण केली, तेथे आपण शेवटावर खूण केली.

मला यात केवळ लिपीचा योगायोग दिसत नाही. आपल्या जुन्या छंदांचे बळच शेवटाकडे आहे. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड चरण येऊन ओवी बंद करतो. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात व दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. तो चार अक्षरांचा शेवटचा चरण आला की ऐकणाऱ्याला कडवे पूर्ण झाल्याचे कळते, त्याच्यासमोर कागद असो वा नसो. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्या आहेत. गावोगावी तिचे सामुदायिक वाचन होते, आणि अक्षरओळख जेमतेम असलेले वृद्धही ओवी संपताच बरोबर थांबतात, ते यमक आणि आखूड चरणाच्या आधाराने.

स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही विरामचिन्हे मराठीत एकोणिसाव्या शतकात छापील पुस्तकांबरोबर रुळली आणि त्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. इंग्रजीतून एवढे सगळे घेतले गेले, परंतु कॅपिटल अक्षर घेता येण्यासारखे नव्हते, कारण देवनागरीत त्यासाठी जागाच नाही. तरीही मराठी कवितेचे काही अडले नाही. म्हणून माझी सूचना अशी की तुमच्या विद्यार्थ्यांनी ओवीचे किंवा अभंगाचे इंग्रजी भाषांतर केले असेल, तर त्यात ओळीच्या आरंभी कॅपिटल देण्यापेक्षा शेवटी कडव्याचा क्रमांक ठेवावा. मूळ रचनेचा स्वभाव त्याने अधिक टिकेल.

वैनगंगा_तीर
नमस्कार मॅडम. मी साकोलीकडची आहे, महाविद्यालयात शिकते, आणि मराठीत व आमच्या झाडीबोलीत कविता लिहिते. आमच्या पिढीतील पुष्कळ जण मोबाइलवर मराठी कविता रोमन अक्षरांत टंकतात, आणि तेथे ओळीच्या आरंभीचे कॅपिटल केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. रोमन अक्षरांतून मराठी टंकण्याच्या ज्या पद्धती संगणकावर रुळल्या, त्यांपैकी अनेकींत लहान 'टी' म्हणजे 'त' आणि कॅपिटल 'टी' म्हणजे 'ट', लहान 'एन' म्हणजे 'न' आणि कॅपिटल 'एन' म्हणजे 'ण', लहान 'डी' म्हणजे 'द' आणि कॅपिटल 'डी' म्हणजे 'ड' असतो. फोनचा कीबोर्ड प्रत्येक नव्या ओळीला स्वतःहून कॅपिटल देतो. ती ओळ देवनागरीत बदलून घेतली की 'तुला' या शब्दाने सुरू झालेली ओळ 'टुला' होते आणि 'दार' उघडण्याऐवजी 'डार' उघडते. मैत्रिणीच्या एका प्रेमकवितेत प्रत्येक कडवे 'तुला'ने सुरू होत होते. त्या कवितेचे काय झाले असेल, ते आपण समजू शकता. आम्ही सर्वांनी फोनमधील ती सोय बंद केली आहे.

त्या नववीतल्या मुलीविषयी मला विशेष लिहावेसे वाटते. तिने 'आय' लहान लिहिला, तो तिने जाणून लिहिला की सवयीने, हे तिला विचारावे. जाणून लिहिला असेल, तर तो तसाच छापावा. ई. ई. कमिंग्ज या अमेरिकन कवीने आपल्या कवितांत 'आय' लहान लिहिला आणि त्याच्या कवितांमधून बोलणारा माणूस त्यामुळे वेगळाच उभा राहिला, असे आम्हाला शिकवले गेले. आपल्या गावातल्या मुलीला तो अधिकार नसावा, असे मला वाटत नाही.

जुना_फळा
वैनगंगा ताई, तुमचे म्हणणे योग्य आहे. भर घालतो की कमिंग्ज यांचे नावही लहान अक्षरांत छापण्याची पद्धत पुढे पडली असली, तरी ते स्वतः सही करताना बहुतेक वेळा कॅपिटल अक्षरेच वापरत असत. कवितेतील लहान अक्षर ही त्यांनी त्या त्या कवितेपुरती केलेली निवड होती, आणि मुलीशी बोलताना हाच मुद्दा समोर ठेवावा.

आता या रीतीचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा उपयोग सांगतो. एमिली डिकिन्सन यांचा मृत्यू १८८६ मध्ये झाला आणि त्यांच्या जवळजवळ अठराशे कविता बहुतांशी हस्ताक्षरातच राहिल्या. लहान कागदावर मोठ्या अक्षरात लिहिताना त्यांची एक ओळ कागदाच्या कडेला संपत नसे. उरलेला शब्द खाली यायचा. खाली आलेला तो शब्द बहुधा लहान अक्षराने सुरू होतो आणि छंदाची खरी नवी ओळ कॅपिटलने. १८९० मध्ये निघालेल्या पहिल्या संग्रहाच्या संपादकांनी त्यांची विरामचिन्हे आणि कॅपिटल अक्षरे आपल्या मताने नीटनेटकी करून टाकली. १९५५ मध्ये थॉमस जॉन्सन यांनी हस्तलिखितांच्या जवळ जाणारी आवृत्ती सिद्ध केली तेव्हा ओळ कोणती आणि कागद संपल्यामुळे पडलेली घडी कोणती, हे ठरवताना ही कॅपिटल अक्षरे उपयोगी पडली. काही अभ्यासकांना ही विभागणीही मान्य नाही. कागदावर जशी ओळ मोडली आहे तशीच ती कवयित्रीला हवी होती, असे ते म्हणतात. वाद कसाही सुटो, एका मोठ्या अक्षरावर केवढे अवलंबून असते, ते यातून दिसते.

आपल्या मुलांसाठी याहून जवळचे उदाहरण रवींद्रनाथांच्या त्या प्रार्थनेचे आहे, जिच्यात निर्भय मन आणि ताठ मानेचा देश मागितलेला आहे. मूळ बंगाली कविता १९०१ च्या 'नैवेद्य' या संग्रहातील असून ती यमकबद्ध आहे, आणि तिच्यातील वाक्य एका ओळीतून दुसरीत सलग वाहते. बंगाली लिपीतही कॅपिटल नाही. १९१२ मध्ये इंग्रजी 'गीतांजली' निघाली तेव्हा कवीने स्वतःच या कवितेच्या लांब, गद्याच्या लयीच्या ओळी केल्या, आणि त्यांतील बहुतेक ओळी 'जेथे' या अर्थाच्या एकाच शब्दाने, कॅपिटल अक्षराने सुरू केल्या. संपूर्ण कविता अर्थाच्या दृष्टीने एकच वाक्य आहे. अरुंद पानावर या लांब ओळी मोडतातच, आणि तेव्हा खाली आलेला तुकडा लहान अक्षराने सुरू होतो. मुलांना विचारावे की यांपैकी कवीची ओळ कोणती आणि कागदाने पाडलेली ओळ कोणती. मी हा पाठ घेत असे तेव्हा मुलांना ते आपोआप उमगत असे, आणि त्यानंतर मुले कॅपिटलपाशी थांबत नसत.

कपाशी_आणि_कविता
चर्चा चांगली चालली आहे. मला भाषांतराविषयी लिहायचे आहे, कारण मी मराठी कवितांची इंग्रजी भाषांतरे करतो. रिद्धपूर_वाट यांची क्रमांकाची सूचना ओवीसाठी आणि अभंगासाठी उत्तम आहे, परंतु ती सर्व कवितांना लागू होणार नाही.

मूर्तिजापूरला जन्मलेल्या कवी अनिलांनी मराठीत मुक्तछंद रुजवला. मुक्तछंदात ओळीची लांबी आधी ठरलेली नसते, ती कवी वाक्याच्या ओघात ठरवतो. अशा कवितेच्या भाषांतरात प्रत्येक ओळीला कॅपिटल दिले, तर वाक्याचा ओघ डोळ्यांना जागोजाग अडखळतो आणि मूळ कवितेत नसलेला एक ताठपणा येतो. तेथे वाक्यानुसार कॅपिटल द्यावे. याउलट अमरावतीच्या सुरेश भटांच्या वाटेने लिहिलेली गझल घ्या. शेराच्या दोन्ही ओळी एकाच वृत्तात मोजलेल्या असतात आणि प्रत्येक ओळीला स्वतःचे वजन असते. तेथे दोन्ही ओळी कॅपिटलने सुरू केल्या तर ते शोभते, कारण इंग्रजी वाचकाला ती मोजलेली ओळ आहे ही सूचना मिळते. मुलांनी लिहिलेली कविता वृत्तात किंवा यमकात आहे की मुक्त आहे, एवढे पाहिले तरी निम्मे निर्णय आपोआप होतील.

शेतशिवार
हे मला पटते. मुलांना देता येईल असा हा विचार आहे : ओळ मोजलेली असेल तर कॅपिटल, वाहती असेल तर वाक्यानुसार. माझा आग्रह मी एवढाच ठेवतो की एका कवितेत एकच पद्धत असावी. अर्ध्या कवितेत ओळीनुसार आणि अर्ध्या कवितेत वाक्यानुसार असे झाले, तर त्याला निवड म्हणता येणार नाही. शिवाय अंकाला शिस्त हवी, म्हणून संपादकांनी सर्व अंकासाठी एकच पद्धत का ठरवू नये?

जुना_फळा
एका कवितेत एक पद्धत, हे मान्य. संपूर्ण अंकाला एक पद्धत, हे मान्य नाही. चांगली नियतकालिके लेखांचे शुद्धलेखन आणि विरामचिन्हे आपल्या पद्धतीने एकसारखी करतात, परंतु कवितेला हात लावण्यापूर्वी कवीला विचारतात. शाळेच्या अंकानेही तोच मान मुलांना द्यावा. स्वतःची कविता छापून येताना तिच्यातील प्रत्येक अक्षराविषयी आपल्याला विचारले गेले, ही आठवण त्या मुलांजवळ दीर्घकाळ राहील, आणि माझ्या मते भाषेच्या शिक्षणात याहून मोठे काही नाही.

मुद्रणगल्ली
पानाच्या मांडणीविषयी थोडे सांगतो. तुमचा अंक डेमी आकाराचा असेल तर लांब ओळी मोडणारच. ओळ मोडली की खाली आलेला तुकडा ओळीच्या आरंभापेक्षा दोन-तीन अक्षरे आत सरकवून लावायला सांगा. मराठी कवितेत कॅपिटलची मदत नसल्यामुळे हे अधिकच आवश्यक आहे, कारण मोडलेला तुकडा डाव्या कडेला आला तर वाचक त्याला नवी ओळ समजतो आणि यमक हरवते.

दुसरे असे की कविता पानाच्या मध्यावर जुळवून मांडण्याची आमच्या भागात फार हौस आहे. व्हॉट्सॲपवरच्या चित्रकवितांमुळे ती आणखी वाढली. मध्यावर मांडलेल्या कवितेला डावी कडच राहत नाही. प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते आणि परत येणाऱ्या नजरेला आधार सापडत नाही. इंग्रजी कवितेला निदान कॅपिटलचा आधार मिळतो, मराठीला तोही नाही. म्हणून सर्व कविता डाव्या कडेला सरळ लावाव्यात, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

वैनगंगा_तीर
मध्यावरच्या मांडणीविषयी भाऊंनी लिहिले ते माझ्या मनातले आहे. आमच्याकडच्या एका स्मरणिकेत माझी झाडीबोलीतील कविता तशी छापली गेली आणि मोडलेल्या तुकड्यांमुळे दोन ओळींच्या चार झाल्या. वाचणाऱ्यांनी ती मुक्तछंदातली समजली.

पैनगंगाकाठ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आणि आज मुलांना एकेक करून बोलावले, त्यांची कविता त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतली आणि मग प्रत्येक ओळीच्या आरंभी कोणते अक्षर हवे ते विचारले. यमकात लिहिणाऱ्या बहुतेकांनी ओळीनुसार कॅपिटल ठेवले. दोघांनी वाचता वाचता स्वतःच ठरवले की त्यांचे वाक्य पुढच्या ओळीत जाते, म्हणून तेथे लहान अक्षर हवे. अभंगाचे भाषांतर करणाऱ्या मुलाला कडव्याचे क्रमांक फार आवडले आणि त्याने ते दोन दंडांसह, मराठी अंकांतच ठेवायचे म्हटले आहे; इंग्रजी मजकुरात मराठी अंक राहू द्यावेत, असे मीही ठरवले आहे.

नववीतल्या त्या मुलीला 'आय' लहान का, असे विचारले. तिची कविता कापूस वेचायला जाणाऱ्या तिच्या आईविषयी आहे. ती म्हणाली की कवितेत आई मोठी आहे, म्हणून मी लहान आहे. आणि मग तिने विचारले की आईसाठी लिहिलेला शब्द तेवढा प्रत्येक ठिकाणी कॅपिटलने लिहिला तर चालेल का. मी चालेल असे सांगितले. तिची कविता आता तशीच जाईल.

परीक्षकांच्या शेऱ्याविषयी मुख्याध्यापकांशी बोलून आयोजकांना एक पत्र लिहिणार आहे. निकाल बदलावा अशी मागणी त्यात नसेल. पुढील वर्षीच्या स्पर्धेच्या नियमांत, ओळीच्या आरंभीच्या कॅपिटलवरून गुण कापू नयेत, असे एक वाक्य घालावे, एवढीच विनंती असेल. जुना_फळा सर, पत्राचा मसुदा येथे टाकला तर आपण तो पाहाल का?

जुना_फळा
अवश्य पाहीन, बाई. पत्रात १६२३ चा संग्रह आणि १९२३ च्या दोन कविता यांचा उल्लेख करा, आणि शक्य असल्यास त्या दोन्ही कवितांची छापील पाने सोबत जोडा. पाने समोर असली की फार युक्तिवाद करावा लागत नाही.

मुद्रणगल्ली
मॅडम, त्या मुलीच्या कवितेच्या प्रतीवर 'अक्षरे आहेत तशीच ठेवावीत' असे पेनाने ठळक लिहून द्या. मजकूर जुळवणारा माणूस लहान 'आय' दिसला की चूक समजून सुधारतो, आणि संगणकाची सोय बंद असली तरी त्याचा हात ते करतोच. शेवटचे प्रूफ तिला स्वतःला तपासू द्या.